शाल्मलीच्या नकाशातल्या अकरा चुका

एका डोंगराळ तालुक्यात एकदा एक वृद्ध भूमापक राहत असत. आयुष्यभर साखळी ओढून जमिनी मोजल्यावर उतारवयात ते संगणकावर नकाशे करायला शिकले आणि मग शिकवूही लागले. सारे त्यांना नाना म्हणत.

त्यांच्या दोन शिष्या होत्या. हेमांगी वर्षभराच्या लेकीला सासूबाईंकडे सोपवून येई आणि निम्मे लक्ष घरीच विसरून येई. शाल्मलीच्या मागे असा व्याप नव्हता. ती सकाळपासून संगणकापुढे ठाण मांडून बसे. तिच्या नकाशात ओढ्यांचा निळा रंग नेमका उतरे, गावांची नावे एकमेकांच्या अंगावर न चढता शहाण्यासारखी बसत. "वा!" नाना म्हणत. तो एक 'वा' हेमांगीच्या घशात दिवसभर अडकून राही. मलाही मूल नसते तर, असे मनात येई आणि लगेच स्वतःची लाज वाटे. पण लाजेने मत्सर काही कमी होत नसे.

एकदा आरोग्य केंद्राने रुग्णवाहिकेसाठी साऱ्या पाड्यांचा नकाशा मागितला. तो केंद्राच्या भिंतीवर लागणार होता. दोघींनी उपग्रहाच्या छायाचित्रावरून रस्ते गिरवले. नानांनी दोन्ही नकाशे पाहिले आणि शाल्मलीचा निवडला. हेमांगीचा चेहरा उतरला. तेवढ्यात नानांनी तिला भलतेच काम सांगितले.

"छापण्याआधी हिच्या नकाशातल्या चुका काढ. आठ दिवस घे."

"मी? नाना, मी कशी काढू?"

"तुझ्याइतक्या मनापासून दुसरं कोण काढील?"

हेमांगी कानापर्यंत लाल झाली. नकाशाची प्रत मात्र तिने घेतली.

लेकीला कडेवर घेऊन ती पाड्यापाड्यांवर हिंडली. शेवटी तिने रुग्णवाहिकेच्या चालकालाच गाठले.

"दादा, नकाशातला हा रस्ता खरा ना?"

तो हसला. "ताई, तो साकव आहे. माणूस जातो, शेळी जाते. माझी गाडी घातलीत तर पेशंटसकट ओढ्यात! पलीकडच्या पाड्याला खिंडीतून वळसा घालूनच जावं लागतं."

हेमांगीला इतका आनंद झाला, की तिने त्याचे दोनदा आभार मानले.

आठव्या दिवशी तिने अकरा चुका नानांपुढे मांडल्या. शाल्मलीची मान खाली गेली.

"उत्तम," नाना म्हणाले. "आता तुझा नकाशा उघड."

हेमांगीने उघडला. साकवावरून तिचाही रस्ता गेला होता. शाल्मलीच्या रस्त्याहून रुंद, अधिक ठळक.

नाना शांतपणे म्हणाले, "बाळ, मत्सर वाईट, हे तुला मी काय सांगू? पण त्याची नजर फार तीक्ष्ण असते. स्वतःच्या नकाशासाठी तू खुर्चीतून उठली नाहीस; हिची चूक धरायला मात्र लेकरू घेऊन चार कोस चाललीस. तीच नजर आपल्या कामावर लाव. आपला नकाशा सुधारायला दुसरा गुरू लागत नाही."

"मग भिंतीवर कोणाचा लावायचा?" हेमांगीने हळूच विचारले.

"ज्याच्या भरवशावर गाडी ओढ्यात जाणार नाही, त्याचा."

हेमांगीने संगणकाचा पडदा शाल्मलीकडे वळवला. "माझ्याही चुका काढ. भीड धरू नकोस."

"भीड?" शाल्मली फणकारली. "ज्या कामाला मला अख्खा दिवस लागतो, ते तू दोन तासांत उरकून घरी पळतेस. तुझ्या चुका काढायची मी कधीची वाट बघतेय!"

हेमांगीने आपली खुर्ची बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.