सुकटीचा वास

समुद्र ज्यांच्या आज्ञेत होता, लाटा ज्यांचे पाय धुवायला येत, त्या श्रीउंडीबाबा महाराजांना बोट लागत असे. पडाव नुसता धक्क्याला डुलताना दिसला तरी महाराज लिंबू मागत. थोरल्या बेटावरच्या कातळवाडीत उंडीच्या झाडाखाली त्यांचे आसन होते, आणि तिथे ते समुद्राकडे पाठ करून बसत.

वाडीतली सुईण आवडाकाकी त्यांची मोठी भक्त. एका संध्याकाळी हरबा तांडेल तिच्या दारी धावत आला. धाकट्या बेटावर त्याची सून दोन दिवस अडली होती. वाट रात्रभराची, त्यात दर्या खवळलेला.

"महाराज सोबत असतील तर येते," काकी म्हणाली.

"काकी गो, चाळीस वर्षं सुकाणू धरतोय मी! तुझ्या बाबाला न्यायचं म्हणजे पडावात एक बादली जास्त!"

"दोन घे," महाराज म्हणाले, आणि उठले.

हरबाचा अभिमान अगदीच खोटा नव्हता, हे सांगितले पाहिजे. तसा तांडेल दोन्ही बेटांवर नव्हता. पण मध्यरात्री आभाळ गच्च भरले, एक तारा दिसेना, आणि लाटांनी पडाव असा गरगरा फिरवला की हरबाची दिशाच हरवली. काकी डोळे मिटून नाम घेत होती. महाराजही नतमस्तक होते, पण बादलीपुढे.

एकाएकी त्यांनी मान वर केली आणि डावीकडे हात दाखवला. "तिकडे कोण सुकट भाजतंय रे? इथे आधीच मळमळतंय!"

हरबा खदाखदा हसला. "बाबा, वारा उजवीकडून, मग वास डावीकडून कसा येईल? आणि बाई अडली की मूल रडेपर्यंत आमच्या बेटावर एकही चूल पेटत नाही. रीतच आहे तशी. सुकट काय मासे आपली आपण भाजतायत?"

"वास येतोय," एवढेच म्हणून महाराज पुन्हा बादलीकडे वळले.

"हरबा, वळव रे पडाव!" काकी कळवळली. "पोरीचा जीव टांगलाय तिकडे!"

तेवढ्यात अगदी समोर, खडकांवर लाटा फुटल्याचा आवाज झाला. हरबाचे हसू जागच्या जागी विरले. त्याने सुकाणू वळवले, सरळ महाराजांच्या नाकाच्या रेषेत.

पहाटे पडाव धाकट्या बेटाच्या वाळूला टेकला! काकी तशीच ओल्या लुगड्याने धावली. सूर्य वर येतो न येतो तोच घरातून मूल रडले. सूनही सुखरूप होती.

हरबा मात्र घरोघरी चुलींत हात घालून आला. राख गार होती. तो किनाऱ्यावर आला आणि त्याने महाराजांपुढे लोटांगण घातले.

"चुकलो, महाराज! एकाही घरात सुकट भाजलेली नाही. तो वास कुठला होता?"

महाराज दोन्ही हात वाळूत रोवून बसले होते. जमीन हलत नाही ना, ते पाहत होते.

"मूल रडलं ना?"

"रडलं, महाराज!"

"मग आता चूल पेटव, आणि मूठभर सुकट भाज. पोटात काही उरलं नाही."