न सांगितलेली सुट्टी

एकदा एका प्राध्यापकाने पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या एकदम विकत घेतल्या. दिगंबर त्याचे नाव. एका हॉटेलात ‘मोफत भेटवस्तू’ घ्यायला तो पत्नीसह गेला, विक्रेत्यांच्या गोड बोलण्यात सापडला आणि शेवटी दरवर्षी त्यांच्या हॉटेलांत राहण्याच्या करारावर भिडेपोटी सही करून बसला. पुढे कधीही खोली मागावी, तर ‘या हंगामात जागा नाही’ एवढेच उत्तर मिळे. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस फसला, हे सांगणार कोणाला? शेजारी विचारत, तेव्हा तो हसून म्हणे, “उत्तम योजना आहे!”

अखेर तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. आबासाहेबांनी उभी हयात ग्राहकांचे खटले चालवले होते. दिगंबरने खालमानेने करार पुढे केला. त्यांनी तो न वाचताच परत दिला.

“उद्या वाचनालयात माझे व्याख्यान आहे. तिथे उभा राहून ही हकिकत सांग. मग वाचतो.”

“सर, लोक हसतील हो!”

“हसू देत.”

गुरू इतके निष्ठुर कसे, हे त्याला कळेना. तरी दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. त्याने सारे सांगितले. कोणी हसले नाही. मागच्या रांगेतून त्याच्या शेजारच्या कुमुदिनीबाई हळूच उठल्या.

“दिगंबरराव, तुम्ही चांगलं म्हणालात, म्हणून मीही सही केली. लेकीला अजून सांगायचा धीर झालेला नाही.”

धरणीने पोटात घ्यावे, असे त्याला झाले. आजवर त्याला फसल्याची लाज वाटत होती. आपल्या हसण्याची लाज आज प्रथमच वाटली.

आबासाहेब शांतपणे म्हणाले, “बाळा, कायदा दुबळा नाही. अन्यायकारक करार रद्द होऊ शकतो, सारखी तक्रार असणाऱ्यांना एकत्र दाद मागता येते. पण दाद मागणाऱ्याला आधी बोलावे लागते. फसणे हा तुझा अपराध नव्हता. तू झाकून ठेवलेस, तेव्हा मात्र तू नकळत त्यांचाच विक्रेता झालास.”

दिगंबर कुमुदिनीबाईंजवळ गेला, हात जोडले आणि म्हणाला, “चला, आधी तुमच्या लेकीकडे जाऊ. तिला मी सांगतो.”

फसलेल्याचे मौन हीच ठकाची सर्वांत स्वस्त जाहिरात असते.