साळूची बाळोती

फार वर्षांपूर्वी, गावात दळणाची गिरणीसुद्धा नव्हती तेव्हा, बोरवटच्या नदीवर हिरू परीट कपडे धुवायचा. त्याला आईबाप नव्हते. थोरली बहीण साळू, तिनंच त्याला वाढवलं. तो वीस वर्षांचा झाला तरी ती त्याच्या डोक्यावर तेल थापायची आणि म्हणायची, "गावाचे कपडे पांढरे करतोस, तुझं तोंड कोण धुणार रे?"

साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यात तिनं आपलं जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडून बारा बाळोती करून ठेवली. मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी साळू गेली.

हिरूनं कपडे बडवायचं धोपाटणं नदीत फेकून दिलं. आता काही धुणार नाही म्हणाला. मग घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि तो धावत परत आला.

शेजारची एक लेकुरवाळी बाळाला पाजून जायची. बाळोती हिरूच्या बापाची बहीण, पुतळाआत्या धुवायची. त्या काळी गावात एक समजूत होती. वाळत घातलेल्या बाळोत्यावरून पाखरू उडालं, तर बाळ सुकत जातं. म्हणून बाळोती कुणी बाहेर घालत नसे. घरात, चुलीच्या वर, काळोखात दोरी बांधलेली असायची. तिथं ती धुरकट व्हायची आणि दमटच राहायची.

पंधरा दिवसांत बाळाची मांडी लाल झाली. मग फोड आले, ते फुटले, अंग तापलं. बाळ दूध सोडायला लागलं. बाया म्हणाल्या, "साळू लेकीला बोलावून घेतेय."

हिरूनं बाळाला उचललं. बाळोत्याला धुराचा आणि कुबट वास येत होता.

"आत्या, गावाच्या धोतरांना मी ऊन देतो. आणि माझ्या भाचीला हा काळोख?"

"धोतरावरून पाखरू गेलं तर धोतराचं काय जातंय?" आत्या म्हणाली. "आणि तू काय बाप्या माणूस बाळोती धुणार? उद्या पाळणापण म्हणशील."

"म्हणेन की," हिरू म्हणाला, आणि बाराही बाळोती घेऊन नदीवर गेला.

आधी त्यानं वाहत्या पाण्यात घाण सोडली. मग खारी माती घालून भट्टीवर हंडा चढवला आणि बाळोती चांगली उकळली. मग पुन्हा नदीत खळबळली, पाणी नितळ निघेपर्यंत. प्रत्येक बाळोतं पिळून शेवटचा थेंब तो जिभेवर घ्यायचा. खारट लागला की पुन्हा नदीत. जे जिभेला टोचतं ते बाळाच्या अंगाला टोचणारच, एवढं त्याला कळत होतं.

मग त्यानं ती काठावरच्या कातळावर उन्हात पसरली, चारी बाजूंनी दगड ठेवले आणि काठी घेऊन उभा राहिला. एकही पाखरू वरून जाऊ द्यायचं नाही.

असं म्हणतात, त्या दिवशी पोपटांचा थवा आला आणि कातळापाशी दुभंगून दोन बाजूंनी गेला. घारीनं आपली घिरटी मोडली. माघातलं मऊ ऊन, पण कातळ तव्यासारखा तापला. असं म्हणतात, बारावं बाळोतं वाळेपर्यंत सूर्य हलला नाही.

दुपारी एक साळुंकी आली. हिरूनं काठी उगारली. पण ती उडत आलीच नव्हती. वाळूतून तुरुतुरु चालत आली. एकाही बाळोत्यावरून गेली नाही, प्रत्येकाच्या कडेकडेनं फिरली, मान वाकडी करून बघत राहिली.

हिरूची काठी खाली आली.

"अगं साळू," तो म्हणाला, "चालत आलीस?"

संध्याकाळी बाळाला कडकडीत वाळलेलं बाळोतं गुंडाळलं. रोज धुतलं, रोज उकळलं, रोज उन्हात घातलं. आठव्या दिवशी कातडी भरून आली आणि बाळ पोटभर प्यायलं. दुसऱ्या दिवशी पुतळाआत्यानं चुलीवरची दोरी सोडली आणि अंगणात बांधली.

हिरू म्हातारा होऊन गेला. त्याच्या भाचीला नातवंडं झाली, त्यांनाही नातवंडं झाली. पण बोरवटात अजून मूल झालं की पहिली बारा बाळोती आई धूत नाही, आत्या धूत नाही. मामा धुतो. शेवटचा थेंब जिभेवर घेतो, हिरूच्या कातळावर ती पसरतो आणि काठी घेऊन उभा राहतो. सगळी पाखरं हाकलायची, साळुंकी नाही. तिच्यासाठी कातळाच्या कडेला मूठभर कण्या ठेवायच्या.

या माघात मी उभा होतो. आमच्या ताईनंही बाळोती आधीच फाडून ठेवली होती, तिच्या हिरव्या साडीची. कण्या ठेवल्या आणि वाट बघितली.

दुपारी आली. चालत.