रिकाम्या होडीचा पंखा

इंजिनं आणि पंखे माणसांसारखे बोलायचे, त्या काळी खाडीकाठी माझं होड्यांच्या सामानाचं दुकान होतं. हिराजी नाखवाच्या म्हाताऱ्या इंजिनाचा, होडी पुढं ढकलणारा पाण्याखालचा पंखा खडकावर मोडला. नाखवाला आवडला तो चकचकीत स्टीलचा, जास्त पिळाच्या पात्यांचा.

"एका फेऱ्यात ढीगभर पाणी मागं लोटतो मी," पंखा म्हणाला. "नव्या बोटींना मीच लागतो!"

"त्यांच्या छातीत जोर आहे, बाबा. माझ्या कुठला?" इंजिन कुरकुरलं.

नाखवाने रिकामी होडी फिरवून पाहिली. ती सुसाट गेली. गिऱ्हाईक खूश, म्हणून मीही गप्प बसलो. इंजिनाला मात्र चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी जाळं, बर्फ आणि चार माणसं घेऊन होडी खाडीच्या तोंडाशी पोचली. समोरून लाट आली आणि इंजिन धापा टाकू लागलं.

"अरे, फिरू दे मला!"

"बघ तर किती पाणी धरलंय मी!"

"धरलंयस रे, पण फेरा कुठं पुरा होतोय?"

काळा धूर निघाला, होडी खडकांकडे सरकू लागली. नाखवाने सगळा बर्फ समुद्रात लोटला, तेव्हा कशीबशी माघारी आली.

मी फळीवरचा कमी पिळाचा, साधा पंखा काढून बसवला. तो लाजत म्हणाला, "मी थोडंच पाणी लोटतो हं."

नाखवा घाईने रिकामी होडी ढकलायला लागला.

"थांबा, नाखवा," इंजिन म्हणालं. "आधी बर्फ भरा, जाळं चढवा, माणसं बसवा. मग विचारा मला, पंखा कसा आहे ते."