गगनसुळा आणि ठकूबाईची चार अंडी

जंगल होतं. जंगलाला राजा होता, गवेराव. दर पाच पावसाळ्यांनी त्याला निवडून यावं लागे. तो येत असे.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, दगडगोट्यांत अंडी घालते. अंडी मातकट, ठिपकेदार. शेजारून गेलं तरी दगडच वाटतात.

रानडुकराला मान वर करता येत नाही. जंगलाचं नभदल रानडुकरांकडे होतं.

खवल्या मांजराला डिवचलं की ते गोळा होतं. या गुणावर त्याची सरकारी प्रवक्ता म्हणून नेमणूक झाली होती.

मोहाच्या कोठाराला नवीन दार बसवलं होतं. आत मोह नव्हता.

आणि आभाळात काहीतरी होतं.

ते काहीतरी म्हणजे गगनसुळा-तीन. बांबूचा सांगाडा, वरून मेण, दोन्ही बाजूंना आखूड पंख. मागच्या उन्हाळ्यात रानडुकरांनी अख्खं बांबूचं बेट वाकवून त्याची गोफण केली आणि गगनसुळा वर भिरकावला. तेव्हापासून तो घिरट्या घालत होता. आत कोणी बसलेलं नव्हतं. गगनसुळा एक आणि दोन कुठे आहेत, असं एका भेकराने भर सभेत विचारलं, तेव्हा प्रवक्ते खवले गोळा झाले ते दुसऱ्या दिवशी उलगडले. उलगडल्यावर त्यांनी पत्रक काढलं:

उड्डाण नियमित आहे. उद्देश नियमित आहे. जे नेलं आहे ते नेण्याजोगं आहे. जनतेने निश्चिंत राहावं आणि वर बघावं.

जनता वर बघू लागली. हरणांचं म्हणणं पडलं, आत गवताचं बी आहे. वरच्या हवेत ते उगवतं का, हे बघतायत. वानरांना खात्री होती की कोण कुठल्या फांदीवर झोपतं, याची तो टिपणं घेतो. कावळ्यांनी बातमी आणली, नदीपल्याडच्या जंगलानेही असंच एक सोडलंय, नाव ‘शांतिपंख’; आपल्या सुळ्याचं काम त्याला मागून हळूच टोचायचं. डोहातलं म्हातारं कासव म्हणालं, पल्याडच्यांना उद्देश काय, उद्देश काय असं विचारत बसायला लावणं, हाच त्याचा उद्देश. कासवाचं सगळ्यांना पटलं, म्हणून तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

निवडणूक तोंडावर होती. सभासभांतून घोषणा घुमू लागली, “पोट खपाटी, मान वरती!” सगळ्यांच्या माना वर असल्यामुळे कोठाराच्या वाटेवरचे खुरांचे ठसे कोणी पाहिले नाहीत. जातानाचे हलके होते, येतानाचे खोल.

ठकूबाई टिटवीला यातलं काही नको होतं. तिला माळ हवा होता, आणि तोही अठ्ठावीस दिवस. रानडुकरांनी तुडवून तुडवून सपाट केलेला तो माळ तिला आणि तिच्या नवऱ्याला, म्हादूला, फार आवडला. तिथे तिने चार अंडी घातली. चौथं घातलं त्याच दिवशी माळाच्या कडेला पाटी लागली: गगनसुळा इथे उतरेल. कधी, ते गुप्त आहे.

अंडी उचलून नेता येत नाहीत. टिटवीला चोच आहे, टोपली नाही. ठकूबाई सरळ कचेरीत गेली.

कचेरीत साळिंदर भाऊसाहेब बसत. त्यांच्या अंगभर बोरू होते, पण त्यांनी लिहिलेलं अक्षर कोणी पाहिलं नव्हतं.

“भाऊसाहेब, तो कधी उतरणार तेवढं सांगा. पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी पळायला लागतात. मग खुशाल उतरा म्हणावं.”

“बाई, तारीख गुप्त आहे.”

“मग विचारू कुणाला?”

“माझ्या हातात काही नाही. सगळं वरून येतं.”

“वरून म्हणजे?”

साळिंदराने एक बोरू उचलून छताकडे केला. “वरून म्हणजे वरून.”

हे उत्तर त्या कचेरीत पिढ्यान् पिढ्या दिलं जात होतं आणि ते ऐकून प्रत्येक जण मुकाट घरी गेला होता. पण ते सगळे चार पायांचे होते. ठकूबाईला पंख होते. तिने म्हादूला अंड्यांवर बसवलं, मी जरा वर विचारून येते म्हणाली, आणि वर गेली.

टिटवी काही फार उंच उडणारी नव्हे. धापा टाकत, दोनदा घारीच्या शिव्या खात ती गगनसुळ्याच्या पाठीवर उतरली. बाजूला एक झडप होती. तिने चोचीने उचलून आत पाहिलं. आत बी नव्हतं, टिपणं नव्हती, टोचायला काही नव्हतं. एक फळी होती, तिच्यावर लिहिलं होतं: पुढील आदेश खालून येईल. तोवर वाट पाहावी.

ठकूबाईने ते दोनदा वाचलं आणि झडप लावून खाली आली. खाली दोन डुकरं तिची वाट पाहत होती.

सेनापती मुसंडे चिखलाच्या आसनावर बसले होते. त्यांनी जमिनीकडे बघतच चौकशी सुरू केली. त्यांना दुसरीकडे बघता येत नव्हतं.

“तुम्ही पाय वर करून झोपता, अशी आमच्याकडे माहिती आहे. आभाळाच्या दिशेने. कारण?”

“आभाळ कोसळलं तर पेलायला, साहेब. आमच्यात सगळेच तसे झोपतात.”

“ते काम आता सैन्याकडे आहे.”

मग मुसंड्यांनी पहारेकऱ्यांना बाहेर घालवलं, स्वतः दाराशी जाऊन कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि परत येऊन आवाज अगदी खाली आणला.

“आत काय आहे हो?”

ठकूबाईला आधी वाटलं, हा सापळा. मग तिने सेनापतींचं तोंड पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते आधीच्या सेनापतींना, आणि त्यांनी गुपित इतकं नीट राखलं की जाताना सोबत नेलं. राजा चार वेळा विचारून गेला होता. मुसंडे दर वेळी, योग्य वेळी सांगू महाराज, म्हणाले होते. आता निवडणूक आली होती, म्हणजे योग्य वेळ आली होती.

आत काही नाही हे खरं सांगावं, तर हे आजच गगनसुळा उतरवतील, आत काहीतरी ठेवायला. ठकूबाईने कुडाच्या फटीतून माळाकडे नजर टाकली. म्हादू उन्हात पंख पसरून बसला होता.

“अंडी आहेत,” ती म्हणाली. “चार.”

“कसली?”

“फुटल्याशिवाय कसं सांगू? पण अठ्ठावीस दिवस त्याला हलवायचं नाही. आणि माळावर कोणी पाय आपटला तरी वर हादरा बसतो.”

“एवढ्या वर?”

“साहेब, आभाळाखाली पाय लावून मी झोपते. मला कळायचं नाही तर कुणाला?”

मुसंड्यांनी कान हलवला. डुकरांत त्याचा अर्थ होकार.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. माळावर पाऊल टाकायला अठ्ठावीस दिवस बंदी. सभांतून नवी घोषणा आली, “अंडं आमचं, आभाळ आमचं!” नदीपल्याडच्या जंगलाने जाहीर केलं की शांतिपंखात पाच अंडी आहेत. संध्याकाळपर्यंत आपली सहा झाली, आठवड्याने अकरा. मग राष्ट्रीय उबवण तास सुरू झाला. रोज सकाळी प्रत्येक नागरिकाने वरच्या अंड्यांना पाठिंबा म्हणून एक तास एखाद्या दगडावर बसायचं. सांबर बसलं, गवे बसले, मगर नदीतून वर येऊन बसली. ज्यांना दगड मिळाला नाही त्यांची नावं लिहून घेतली. साळिंदर भाऊसाहेबांचं अक्षर जंगलाने प्रथमच पाहिलं.

म्हादू तास संपला तरी उठत नाही, दिवसभर बसून राहतो, हे पाहणी पथकाने माळाच्या कडेवरून टिपलं. त्याला आदर्श नागरिक ठरवलं. माळावर पाऊल टाकायला बंदी असल्याने हार एका बगळ्याने उडत येऊन त्याच्या गळ्यात टाकला. म्हादू घाबरून ठकूबाईला म्हणाला, “अगं, हे काय करून ठेवलंस?”

“गप्प बसा,” ती म्हणाली. “तेवढंच करायचंय तुम्हाला.”

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी चार अंडी फुटली. दुपारपर्यंत चार ठिपकेदार पिल्लं गवतात पसार झाली. ठकूबाई त्यांच्यामागे ओरडत धावत होती, तेव्हा तिला साळिंदर भेटला. त्याने उत्सुकतेने विचारलं, वर काय म्हणाले?

“खाली विचारा म्हणाले, भाऊसाहेब.”

एकोणतिसाव्या दिवशी भर दुपारी गगनसुळा माळावर उतरला. सगळं जंगल जमलं होतं. मुसंड्यांनी झडप उघडली, आत पाहिलं, झडप लावली. प्रवक्ते खवले पुढे आले. पिल्लं सुखरूप आहेत, त्यांनी सांगितलं, अकराच्या अकरा, ती इतकी प्रगत आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत. मग एक सांबर म्हणालं, मला एक दिसलं. वानरांना तीन दिसली. ज्यांची नावं लिहून घेतली होती त्यांना सगळी दिसली.

राजा निवडून आला. गगनसुळा-चारसाठी दुसरं बांबूचं बेट वाकवायला घेतलं.

ठकूबाई तिथे येण्याच्या कितीतरी आधी, माळ सपाट करण्यापूर्वी, त्याची रीतसर पाहणी झाली होती. अहवालात लिहिलं आहे: जागेवर कोणीही राहत नाही, काही ठिपकेदार दगड आढळले, ते हटवण्यात आले.