भिवराबाईचा फलाट

धामणखेडच्या गिरणीची चिमणी नवी होती आणि छोट्या गाडीचे रूळ त्याहूनही नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधीची. चिमणीचा धूर चार कोसांवरच्या आपल्या सावरडोहातून दिसायचा. गाडी रोज सकाळी गावाला चिकटून धामणखेडला जायची आणि दिवस कलताना परत यायची, पण सावरडोहाला थांबायची नाही. गावच्या बाया गिरणीत कापूस निवडायला जायच्या, त्या रुळांच्या कडेनं पायी.

त्यांत भिवराबाई होती आणि तिची एकुलती लेक राही होती.

एका भादव्यात राहीला गिरणीतच ताप भरला. भिवरा तिला खांद्याचा आधार देऊन घरी आणत होती. निम्म्या वाटेवर पोरीचे पाय चालेनात. मागून गाडी आली. भिवरानं डोक्यावरचा पदर काढला आणि रुळांलगत उभं राहून हलवत राहिली. डब्यातली माणसं खिडकीतून बघत होती. गाडी निघून गेली. गाव दिसायला लागलं तिथं राहीनं आईच्या मांडीवर जीव सोडला.

तेरावा झाला आणि भिवरा धामणखेडला गाडीच्या कंपनीच्या साहेबाच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. गाडी आमच्या गावाला का थांबत नाही, एवढंच तिनं विचारलं. साहेब काही वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, “बाई, फलाट नाही तिथं गाडी थांबत नाही.”

भिवरानं खिडकीतून स्टेशनाचा दगडी फलाट नीट पाहून घेतला. मग म्हणाली, “फलाट झाला, की थांबेल?”

साहेब हसला. झाला तर थांबवू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती गावच्या नदीत उतरली आणि रुळांच्या कडेला दगड रचू लागली. गिरणीला जाण्याआधी एक दगड, आल्यावर एक दगड. दोन गड्यांना न हलणारा धोंडा ती लेकरू कडेवर घ्यावं तसा उचलून आणायची, असं म्हणतात. लोक आधी तिला वेडी म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले. तिसऱ्या पावसाळ्यात नदी चढली आणि अर्धं बांधकाम घेऊन गेली. बायांना वाटलं, आता ही बसेल. पूर ओसरल्यावर भिवरा गाळात उतरली आणि आपलेच दगड ओळखून ओळखून परत आणू लागली. त्या दिवशी गावच्या बायाही तिच्यामागून उतरल्या.

नवव्या वर्षी फलाट पुरा झाला. भिवरा पुन्हा साहेबाकडे गेली. साहेबाला बोलणं आठवत होतं, पण ते कुठं लिहिलेलं नाही म्हणाला. एका गावासाठी गाडी थांबायची नाही.

भिवरा वाद घालत बसली नाही. घरी येऊन तिनं बायांना सांगितलं, उद्या चालत जायचं नाही, फलाटावर उभं राहायचं. स्वतः सर्वांच्या पुढं उभी राहिली. 

गाडी आली. आणि फलाटापाशी येऊन इंजिन थांबलं.

गाडीवर इस्माईल ड्रायव्हर होता. आपण ब्रेकला हात लावला नाही, असं तो मरेपर्यंत शपथेवर सांगायचा. शिट्टी वाजेना, चाक फिरेना. भिवरा सोडून सगळ्या बाया डब्यात बसल्या आणि इंजिन आपसूक सुटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कंपनीनं इंजिन बदललं, ड्रायव्हर बदलला, तरी तेच. शेवटी साहेब स्वतः गाडीत बसून आला. गाडी थांबली, आणि समोर भिवरा उभी.

ती म्हणाली, “साहेब, फलाट मागितला होतात. घ्या, पाय ठेवा.”

साहेब उतरला. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. कुठं एक दगड हलला नाही. मग त्यानं टोपी काढली आणि तिथंच कागद मागवून गाडीच्या थांब्यांत सावरडोहाचं नाव लिहिलं. भिवरानं त्याला वाटेत गेलेल्या लेकीचं नाव तेवढं सांगितलं, मागितलं काही नाही.

ती त्या गाडीत एकदाच बसली. राही जिथं गेली ती जागा आली तेव्हा तिनं खिडकीबाहेर हात काढला आणि जागा मागं पडेपर्यंत तसाच धरला, असं म्हणतात.

आता रूळ उखडलेत, गिरणी पडलीय. फलाट तेवढा आहे, आणि त्याच्या कडेनं डांबरी सडक गेलीय. या चार कोसांत पायी चालणाऱ्या बाईनं हात केला, की एसटी असो, ट्रक असो, टेम्पो असो, गाडी थांबते. अशा बाईकडून भाडं घेत नाहीत. एखादा परका ड्रायव्हर न थांबता पुढं आलाच, तर नाक्यावरचा चहावाला कप भरण्याआधी त्याला भिवराबाईच्या नावानं विचारतो, मागं कोणी राहिलं का? आणि तो गाडी वळवून परत जातो.