अकरा डबे आणि एक रीळ

"पण चाचा, नुसतं शेवटचं रीळ तुमच्या काय कामाचं?"

निशिकांतनं तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनचाचा एकेकाळी तंबूत सिनेमे दाखवायचे. आता ते खाटेवर बसून सिनेमाच्या मशीनची काच पुसत होते.

"पहिली अकरा रिळं माझ्याकडे आहेत," निशिकांत ऐटीत म्हणाला. "'उतारावरची जीप', सन चौऱ्याहत्तर. जेमतेम आठवडाभर चालला. आज त्याच्या पोस्टरवरून संग्राहक भांडतात. पण अख्खा सिनेमा कुणाकडेच नाही."

"खून कसा होतो रे त्यात?"

"तिसऱ्या रिळात होतो... म्हणतात."

"म्हणतात?"

निशिकांत चपापला. "मी लावून नाही पाहिलं. मशीनवर चढवलं की ओरखडे पडतात. वीस वर्षं डबे चिकटपट्टीनं बंद ठेवलेत."

"आण बघू एक."

त्यानं गाडीतून डबा आणला. चाचांनी नखानं पट्टी सोलली. झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला.

निशिकांत डब्यावर वाकला. "गेलं?"

चाचांनी फिल्म हलकेच बोटाभोवती वळवली, उजेडात धरली...

"जीव आहे अजून. कोंडून ठेवलं की आंबतंच, लेका. वारा दे."

मग त्यांनी स्वतःचा डबा पुढे सरकवला. त्याला पट्टी नव्हती. आतल्या फिल्मवर ओरखडेच ओरखडे, पण ती रेशमासारखी मऊ.

"दर शनिवारी लावतो. बाजार उठला की माणसं येतात."

"फक्त शेवट बघायला?"

"तेवढाच उरलाय माझ्याकडे. त्याला बेड्या पडल्या की बाया डोळ्यांना पदर लावतात."

"खुन्यासाठी?"

"आम्हाला खुनी तेवढा ठाऊक. त्यानं मारलं कुणाला, ते कुठं ठाऊक आहे?"

निशिकांतनं खाली पडलेली चिकटपट्टी उचलली. तिचा बोळा करत राहिला...

मग उठला, गाडीकडे गेला. एकेक करत उरलेले दहाही डबे आणून त्यानं खाटेवर ठेवले आणि स्वतःच पट्ट्या सोलू लागला. शेवटच्या डब्यावर हात थबकला.

"चाचा, तुमचं रीळ... मिळेल ना मला?"

चाचांनी घडी घातलेली पांढरी चादर त्याच्या अंगावर टाकली.

"आज शनिवार आहे. आधी हा पडदा ताणून बांध. तिसऱ्या रिळात मरणाऱ्या माणसाची गाव तीस वर्षं वाट बघतंय."